वर्तनशास्त्रज्ञ नेमकं करतात तरी काय?

पायपीट

दुचाकीवाले हेल्मेट का घालत नाहीत, त्या धाग्यावर वर्तनशास्त्राचं बोलणं अवांतर होत होतं, म्हणून वेगळा धागा काढतेय. तिथे दर दुसऱ्या प्रतिसादात एकच उपाय होता: लोकांना कळत नाही, जनजागृती करा. मी वर्तनशास्त्राच्या संशोधनात क्षेत्रकाम करते, म्हणजे प्रश्नावली घेऊन गावोगाव हिंडणाऱ्यांतली. ‘लोकांना कळत नाही’ असं धरून चालायचं नाही, हे आमच्याकडे सुरुवातीलाच बजावतात. बहुतेक वेळा कळत असतं. कळूनही हातून का होत नाही ते शोधायचं, त्यावर एखादा उपाय करायचा आणि तो लागू पडला का ते मोजायचं. मोजणं राहिलं तर बाकी सगळ्या गप्पा.

उदयपूरचं उदाहरण घ्या. राजस्थानातल्या या जिल्ह्यात सेवा मंदिर ही संस्था खेड्यांत काम करते. तिथे सगळ्या लशी पूर्ण झालेली लहान मुलं फारच थोडी होती. यावरून आपण काय म्हणू? अडाणी आहेत, लसीला घाबरतात. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी १३४ गावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत वाटली. एका गटात दर महिन्याला ठरल्या दिवशी हमखास भरणारं लसीकरण शिबिर. दुसऱ्यात तेच शिबिर, शिवाय दर खेपेला एक किलो डाळ आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्या की थाळ्या. तिसऱ्या गटात नवं काहीच नाही. २०१० साली निकाल छापून आले. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के, नुसत्या शिबिराच्या गावांत १८, डाळवाल्या गावांत ३९.

मला यात सगळ्यात बोलका वाटतो तो मधला गट. नुसत्या शिबिराला आया पहिल्या एक-दोन लशींपुरत्या मुलांना घेऊन येत होत्या, पुढे गळत होत्या. लसीला विरोध असता तर पहिल्यांदाही आल्या नसत्या. पण लसीचा फायदा म्हणजे पुढे कधीतरी न झालेला आजार, तो दिसणार कसा? त्रास मात्र आजचा आहे. रोजगार बुडतो, पोर रात्रभर तापाने किरकिरतं. मग ‘पुढच्या महिन्यात नेऊ’ म्हणत वर्ष जातं. डाळीमुळे आज जाण्याला काहीतरी कारण मिळालं. खर्च वाढला असेल म्हणावं तर तेही नाही. शिबिरातली नर्स दिवसभर बसणारच होती, मुलं जास्त आली, त्यामुळे लसीकरण पूर्ण झालेल्या दर मुलामागचा खर्च डाळ धरूनसुद्धा जवळपास निम्म्यावर आला.

हे काम करणारे सगळे एकाच शाखेचे नसतात. डॅनियल कानेमान मानसशास्त्रज्ञ, पण २००२ साली नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं. रिचर्ड थेलर (२०१७) अर्थतज्ज्ञ. २०१९ साली बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर. शिवाय मानववंशशास्त्रवाले, सार्वजनिक आरोग्यवाले, आणि माझ्यासारखे पाय झिजवणारे. विचारा काय विचारायचं ते, जमेल तसं उत्तर देते.

बोरूबहाद्दर

म्हणजे डाळ वाटली की लोक येतात, हे सांगायला नोबेल? आमच्या वॉर्डातल्या माजी नगरसेवकांना मग दोन मिळायला हवीत, ते तर कुकर वाटायचे. (ह. घ्या.)

पायपीट

@बोरूबहाद्दर, हलकेच घेतलं. पण तुमच्या नगरसेवकांनी निम्म्या वॉर्डात कुकर न वाटता मतं मोजली होती का? नाही ना. मग कुकरमुळे निवडून आले की कुकर असूनही, हे त्यांनाही माहीत नसणार.

आणि पैसा किंवा वस्तू लावली की माणूस सरळ वागतो असंही नाही. इस्रायलमध्ये हैफाला दहा पाळणाघरं होती. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे, बाई बिचाऱ्या थांबायच्या. युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी त्यातल्या सहा पाळणाघरांत उशिराला १० शेकेल दंड लावून पाहिला. उशीर करणारे वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. आधी बाई खोळंबतात याची लाज होती. दंड आल्यावर पालकांच्या लेखी ते जादा वेळेचं भाडं झालं. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर काही कमी झाला नाही. हा पेपर २००० सालचा आहे.

सुगरण

अगोबाई, हे तर आमच्या सोसायटीचंच झालं! मेंटेनन्स उशिरा भरला की व्याज, असा ठराव केला. तेव्हापासून दोन-तीन बिऱ्हाडं शांतपणे व्याजासकट तीन महिन्यांनी भरतात. आधी जिन्यात भेटले की निदान मान खाली घालायचे.

हार्बर_लाइन

चांगला धागा. मुंबईतलं एक उदाहरण इथे यायलाच हवं, वडाळ्याचं. २००९-१० च्या सुमाराची गोष्ट. उपनगरी रेल्वेवर तेव्हा वर्षाला तीन हजारांच्या वर माणसं मरत होती, आणि त्यात मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा. पाट्या होत्या, घोषणा होत्या, दंड होता. फायनलमाइल नावाच्या मुंबईतल्याच कंपनीने मध्य रेल्वेबरोबर वडाळ्याला तीन गोष्टी केल्या.

एक, रुळांखालचे ठरावीक अंतरावरचे स्लीपर पिवळेजर्द रंगवले. मोठी वस्तू समोरून येताना आपल्याला ती आहे त्यापेक्षा हळू वाटते, त्यामुळे गाडीचा वेग ओळखण्यात गफलत होते. पिवळे पट्टे भराभर गाडीखाली जाताना दिसले की वेग कळतो. दोन, हॉर्न. एक लांब भोंगा देण्याऐवजी मोटरमनने दोन तुटक भोंगे द्यायचे. सलग आवाज मुंबईच्या कलकलाटात विरून जातो, मधल्या क्षणभराच्या शांततेने कान टवकारतात. तीन, लोक जिथून रुळांवर उतरतात नेमक्या त्या जागी एक फलक: गाडीखाली येणाऱ्या माणसाचा चेहरा, तीन चित्रांत. कवटी नाही, सूचना नाही, फक्त त्या माणसाचे डोळे.

मी त्या काळात रोज वडाळ्याला गाडी बदलायचो. ते चित्र आवडायचं नाही, पण नजर तिकडे जायचीच. मृत्यू पुष्कळ घटल्याच्या बातम्या आल्या होत्या.

मास्तरीण

हार्बर_लाइन, हे उदाहरण मी वर्गात शिकवते, आणि शिकवून झाल्यावर मुलांना त्यातली भोकं शोधायला लावते. प्रयोग मुख्यतः एका जागी. वडाळ्यासारखंच दुसरं स्टेशन तुलनेला नीट ठेवलेलं नाही. ज्या ठिकाणी एका वर्षी खूप मृत्यू झाले तीच जागा उपायासाठी निवडली, तर पुढच्या वर्षी आकडा आपसूकही खाली येतो, कारण वाईट वर्षानंतरचं वर्ष सहसा तेवढं वाईट नसतं. कल्पना फार हुशार आहे. पुरावा कल्पनेइतका पक्का नाही. पायपीटनी दिलेला उदयपूरचा अभ्यास आणि हा, यांत हाच फरक आहे.

आडवा_तिडवा

माझा मूळ मुद्दा वेगळा. माणसं रूळ का ओलांडतात? कारण पूल स्टेशनच्या दुसऱ्या टोकाला, त्यावर खेटाखेट, आणि समोर गाडी सुटतेय. पूल बांधायला पैसे लागतात, पिवळा रंग स्वस्त. हे तुमचं शास्त्र म्हणजे सरकारला स्वस्तात हात झटकायची सोय आहे. भुकेल्या माणसाला ताट लहान दिलं की पोट भरल्यासारखं वाटतं, त्यातला प्रकार.

मास्तरीण

आडवा_तिडवा, तुमच्याशी या क्षेत्रातले दोन बडे लोकही सहमत आहेत. निक चेटर आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन. दोघांनीही आयुष्यभर हेच काम केलं. काही वर्षांपूर्वी त्यांनीच मोठा लेख लिहून म्हटलं की आपण सगळं लक्ष व्यक्तीच्या चुकांवर ठेवलं आणि व्यवस्था तशीच राहिली. त्यात कंपन्यांचं फावलं: प्लास्टिक तुम्ही जबाबदारीने टाका, आम्ही बनवत राहतो.

लहान ताटाचंच म्हणाल तर त्यावर संशोधन करणारे प्रसिद्ध प्राध्यापक होते. त्यांचे डझनाहून जास्त पेपर पुढे मागे घेतले गेले, तेव्हा ती उपमा जरा जपून. :)

पायपीट

@आडवा_तिडवा, पूल आधी, यात वादच नाही. फक्त एक सांगते, पूल बांधून काम संपत नाही. शौचालयांचं बघा. २०१३-१४ साली बिहार, हरियाणा, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश इथल्या गावांत मोठी पाहणी झाली. ज्या घरांत चालू शौचालय होतं, त्यांतल्या ४० टक्क्यांहून जास्त घरांत निदान एक माणूस तरी उघड्यावरच जात होता. पाणी नाही म्हणून? गरिबी म्हणून? तशी उत्तरं फारशी आली नाहीत. डायान कॉफी, डीन स्पीअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जे सापडलं ते असं: सरकारी शौचालयाचा खड्डा छोटा, तो भरेल, मग उपसणार कोण? उपसणं हे ‘त्यांचं’, म्हणजे दलितांचं काम, आणि ती माणसं आता ते करायला तयार नाहीत, योग्यच आहे. म्हणून घरातली म्हातारी आणि आजारी माणसं खड्डा वापरणार, धडधाकट माणूस शेतात जाणार. या सगळ्याच्या मुळाशी जातिव्यवस्था होती. ‘स्वच्छतेचे फायदे’ सांगणाऱ्या भिंतीवरच्या घोषणा तिला स्पर्शही करत नव्हत्या.

आणि हे शोधायची रीतही बघा. ‘तुमच्या घरात शौचालय वापरतात का?’ असं विचारलं की कुटुंबप्रमुख ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन, ‘कुणी शेतात जातं, कुणी शौचालयात, तर हे कुठे जातात?’ असं विचारायचं. या दोन पद्धतींची तुलना करणारा प्रयोगही नंतर झाला. माणसागणिक विचारल्यावर उघड्यावर जाण्याचं प्रमाण साधारण २० टक्केबिंदूंनी, म्हणजे शंभरामागे २० माणसांनी, जास्त निघालं. घरं सारखीच, प्रश्न फक्त वेगळा. सरकारी आकड्यांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

खिचडी

वाचतेय. +१ मास्तरीण. अवांतर नाही पण जरा बाजूचा प्रश्न: मध्यंतरी या क्षेत्रात बनावट आकड्यांचं प्रकरण झालं होतं ना? प्रामाणिकपणावरचाच पेपर होता म्हणे?

मास्तरीण

हो खिचडी, तोच. २०१२ चा पेपर. दावा असा, की फॉर्मच्या तळाशी सही घेण्याऐवजी वर, भरायच्या आधी घेतली, तर लोक खरी माहिती लिहितात. पुरावा म्हणून गाडीविम्याच्या ग्राहकांनी कळवलेले मीटरचे आकडे. ऐकायला इतकं गोड की सरकारंसुद्धा फॉर्म बदलायला निघाली. २०२० मध्ये त्याच लेखकांनी मोठा प्रयोग करून कबूल केलं की परिणाम दिसत नाही. २०२१ मध्ये ‘डेटा कोलाडा’ या ब्लॉगवाल्यांनी मूळ एक्सेल फाइल उघडली. माणसांनी दोन नोंदींच्या मधल्या काळात गाडी किती चालवली त्याचे आकडे शून्यापासून ५० हजार मैलांपर्यंत सगळीकडे सारखे पसरलेले, आणि ५० हजारांवर एकही नाही. खऱ्या आयुष्यात असं होत नाही, बहुतेक लोक मधे कुठेतरी असतात. त्यात निम्म्या ओळी एका फॉन्टमध्ये, निम्म्या दुसऱ्या. एकाच आकड्यांच्या दोन आवृत्त्या, थोड्याशा हलवलेल्या. पेपर मागे घेतला गेला.

पण बनावटगिरीपेक्षा मला जास्त काळजी आहे ती सचोटीने केलेल्या कच्च्या कामाची. २०१५ साली मानसशास्त्रातले छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत निकाल टिकला. आणि जे छापून येतं ते निवडून येतं. स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी अमेरिकेत सरकारसाठी असे छोटे उपाय करून पाहणाऱ्या दोन पथकांचे झाडून सगळे १२६ प्रयोग तपासले, फसलेलेसुद्धा. नियतकालिकांतले प्रयोग वाचले तर अशा छोट्या उपायांनी सरासरी ८.७ टक्केबिंदू फरक पडतो असं वाटतं. प्रत्यक्षात पडत होता १.४.

बोरूबहाद्दर

१.४ साठी एवढा खटाटोप?

मास्तरीण

एका पत्रातलं वाक्य बदलायला खर्च किती येतो? पत्र दहा लाख लोकांना जाणार असेल तर १.४ म्हणजे १४ हजार माणसं. वाईट नाही. फक्त कुणी ‘एका शब्दाने आयुष्य बदला’ म्हणत कार्यशाळा विकायला आला, तर त्याला हा आकडा दाखवा.

उसाचा_फड

मास्तरीण मॅडम, उसाच्या शेतकऱ्यांच्या बुद्धीची परीक्षा घेतली होती म्हणं कुणीतरी. आमच्या शिरोळ भागात एका भाषणात ऐकलं. भाषणवाला म्हणाला, पैसे नसले की शेतकऱ्याची बुद्धी कमी होती. लोक जाम भडकले. खरं काय हाय त्यात?

मास्तरीण

उसाचा_फड दादा, भाषणवाल्याने अर्धवटच सांगितलं. अभ्यास तमिळनाडूतला, २०१३ साली छापलेला. आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ. ५४ गावांतले ४६४ ऊस-शेतकरी. तेच शेतकरी तोडणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासले. आधी हात तंग, दागिना गहाण. नंतर पैसा. दोन्ही वेळा आकृत्यांची कोडी, आणि एक मजेशीर चाचणी: ‘५ ५ ५’ दाखवायचं आणि पाच न म्हणता तीन म्हणायचं, म्हणजे आकडा किती वेळा आलाय ते. हातात पैसा असताना तीच माणसं कोडी जास्त सोडवत होती आणि चुका कमी करत होती. म्हणजे बुद्धी तीच. पैशाची विवंचना डोक्यातली जागा खाते, एवढंच म्हणणं होतं.

ऊसच का निवडला तेही ऐका. कारखान्याची गाळपाची ताकद मर्यादित, म्हणून तोड पाळीपाळीने येते. एकाच महिन्यात एकाची तोड झालेली असते, शेजाऱ्याची व्हायची असते. त्यामुळे ऊन-थंडी, सणवार यांचा घोळ बाजूला काढता येतो. काही शेतकऱ्यांना मुद्दाम फक्त तोडणीनंतरच तपासलं, म्हणजे दुसऱ्यांदा सराव झाल्यामुळे गुण वाढले असं कुणी म्हणू नये.

तरीही आक्षेप आलेच, आकडेमोडीवर. आणि अमेरिकेत गरीब कामगारांना पगाराच्या आधी आणि नंतर तपासलं, तेव्हा असा फरक सापडला नाही. माझं स्वतःचं मत: दिशा पटते, आकार किती ते अजून ठरायचंय.

उसाचा_फड

आत्ता कळलं. पण मॅडम, एक चूक वाटत्या. आमच्याकडं तोड झाली म्हंजे पैसा आला असं नसतं. कायद्यानं १४ दिवसांत एफआरपी, म्हंजे उसाचा सरकारनं ठरवलेला दर, द्यायची. ऊस जाऊन दोन-दोन महिने बिल जमा होत नाही असं आमच्या एका कारखान्यानं केलंया. त्यात सोसायटी आपलं कर्ज आधी वळतं करून घेती, उरलं ते खात्यावर. फड मोकळा झाला तरी डोकं मोकळं होत नाही. उलट तोड होईस्तोवर तोडणीवाल्यांच्या टोळीमागं फिरायचं असतंय, एवढंच डोक्यात असतंय. तोड झाली की सगळे देणेकरी एकदम आठवतात. इकडं तपासायचं तर तोडीच्या तारखेवर जाऊ नका, बँकेच्या मेसेजवर जावा.

पायपीट

@उसाचा_फड, हे लिहून घेतलंय. खरंच. प्रश्नावली बनवताना आधी दहा-बारा जणांशी नुसतं बसून बोलतात ते याचसाठी. कार्यालयात बसून ‘तोडणीआधी-तोडणीनंतर’ असे दोन रकाने आखणं सोपं असतं.

सुगरण

पैशाचा विषय निघालाय तर, आमची भिशी आहे बरं का, बायकांची. मुलगा म्हणतो, आई, बँकेत ठेव, निदान व्याज मिळेल, भिशीत काय मिळतं? मला समजावून सांगता येत नाही, पण बँकेत ठेवलेले राहत नाहीत हे नक्की.

पायपीट

@सुगरण काकू, मुलाला फिलिपिन्सचा अभ्यास दाखवा. नवा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी मिंडानाओ बेटावरच्या एका बँकेच्या ग्राहकांना असं खातं देऊ केलं, की ठरवलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढताच येणार नाहीत. व्याज नेहमीचंच. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर फक्त तोटा. तरी २८ टक्के लोकांनी ते घेतलं, आणि ज्या गटाला हे खातं देऊ केलं त्याची बचत वर्षभरात इतरांच्या मानाने ८० टक्क्यांच्या आसपास वाढली. उद्याच्या आपल्यावर आपलाच भरवसा नसतो, म्हणून आजच कुलूप लावायचं. भिशीत तर कुलपाची किल्ली दहा मैत्रिणींकडे. व्याजात ते बसत नाही. फक्त भिशी धरणारी बाई ओळखीची असू द्या.

ठोकळा

इतका वेळ वाचनमात्र होतो. मी एका ॲपवाल्या कंपनीत आहे, नाव विचारू नका. आमच्याकडेही ‘बिहेविअरल’ माणूस आहे. त्याचं काम काय? वर्गणी रद्द करायचं बटण फिकट करड्या रंगात ठेवायचं. ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं लिहिलेल्या चौकटीवर टिचकी मारल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही असं करायचं. ‘फक्त २ शिल्लक’ लिहायचं. शास्त्र तेच, उलट्या बाजूने. आणि सांगतो, रोज लाखो लोकांवर आम्ही जितके प्रयोग करतो तितके तुमच्या विद्यापीठांना वर्षात जमणार नाहीत. त्यातलं काही छापून येत नाही.

खिचडी

ठोकळा, यावर कायदा आलाय ना?

ठोकळा

नियमावली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला काढली, त्यात असे १३ प्रकार नाव घेऊन दिलेत. खोटी घाई, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं वगैरे. आमच्या विधी विभागाने ती सगळ्यांना पाठवली. बटण थोडं गडद झालं.

निमकी

छान चर्चा. मुलगी बारावीला आहे, तिला यात जायचंय. काय शिकावं? नोकऱ्या आहेत का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पायपीट

@निमकी ताई, पदवी मानसशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, काहीही चालेल. पण संख्याशास्त्र टाळू देऊ नका, अर्धी मुलं तिथेच अडकतात. नोकऱ्या आहेत. ब्रिटन सरकारने २०१० साली वर्तनशास्त्राचं पथक काढलं, मग बऱ्याच देशांनी. आपल्याकडे नीती आयोगाने केलंय, अशोका विद्यापीठाने केंद्र काढलं, २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीत तर यावर पूर्ण प्रकरण होतं. संशोधन संस्था, बँका, आरोग्याचे प्रकल्प आहेत. आणि ठोकळांची कंपनी आहेच.

सुरुवातीचे दिवस मात्र चकचकीत नसतात. प्रश्न हिंदीतून मराठीत, मराठीतून वऱ्हाडीत करायचे. दुसऱ्याने घेतलेल्या मुलाखतींपैकी काही घरी परत जाऊन पडताळायच्या. दुपारी बारा ते चार गावात कुणी भेटत नाही, भेटले तर चहा पाजतात आणि तुम्हाला जे ऐकायचंय तेच सांगतात. त्यातून खरं काढणं हीच कला आहे. सुट्टीत एखाद्या संस्थेकडे पाहणीच्या कामाला पाठवा. आवडतं की नाही ते तिथेच कळेल.

निमकी

तुमचा प्रतिसाद तिला वाचायला दिला. संख्याशास्त्र चालेल म्हणाली. दुपारी बारा ते चार काय करता, हे तिने विचारायला सांगितलंय.

पायपीट

एसटी स्टँडवर बसून सकाळच्या प्रश्नावल्या तपासते. पंखा असलेलं बाकडं मिळालं तर झोपतेही.